परिषदेतला एक ‘पण’

नागपुरात भरणाऱ्या विभागीय बायबल-अभ्यास परिषदेत मी निबंध वाचणार आहे, हे घरी सांगितलं तेव्हा मामांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, "तिथं जेवण देतात का?" देतात म्हटल्यावर त्यांची हरकत निम्मी मावळली. उरलेली निम्मी मामींनी बोलून दाखवली. "पोरगी हाताबाहेर गेली," असं म्हणून त्या कुकर लावायला आत निघून गेल्या.

मी पारशिवनीजवळच्या एका गावातली. घरी धान आणि कापूस, आणि देव्हाऱ्यात पाय ठेवायला जागा नाही इतके देव. शिकायला नागपूरला मामांकडे आले, भाषाशास्त्रात एम.ए. केलं, आणि त्याच सुमारास एका निवृत्त बाईंकडे हिब्रू शिकायला जाऊ लागले. या बाईंनी सगळी नोकरी एका सेमिनरीत होतकरू पाळकांना हिब्रू शिकवण्यात घालवली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातल्या फार थोड्यांना ती आली, आणि ज्यांना आली त्यांनी पाळकाचं काम सोडून दिलं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "येशूसाठी आली का व्याकरणासाठी?"

मी म्हटलं, व्याकरणासाठी.

"मंग बस. येशूवाले क्रियापदं सुरू झाली का पळतात."

गावी ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. आत्याने फोनवर आवाज बारीक करून विचारलं, "धर्म बदलवली का वं?" मी म्हटलं, नाही आत्या, धातू पाठ करून राहिली. धातू म्हणजे तांबं-पितळ असं समजून ती अजूनच काळजीत पडली.

परिषदेत नेमकी उलटी काळजी होती. पहिल्या दिवशी सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर बसलेल्या ताईंनी विचारलं, "आपण कुठल्या मंडळीच्या?" ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समुदायाला मंडळी म्हणतात, हे बाईंकडे येऊन-जाऊन मला चांगलं ठाऊक होतं. तरी गडबडीत तोंडातून निघून गेलं, "मंडळी पारशिवनीला असतात." ताईंनी माझ्या बिल्ल्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पारशिवनी मंडळी’. त्यानंतर दोन्ही दिवस लोक मला विचारत राहिले, की तिकडे चर्च केव्हा उभं राहिलं. पांढऱ्या दाढीचे एक वयस्क पाळक तर म्हणाले, की तिथं मी एकदा प्रवचन देऊन आलोय. "छोटी मंडळी आहे," ते आठवून आठवून म्हणाले, "भाविक आहेत मात्र."

मी मान हलवली. आमच्या गावाबद्दल इतकं चांगलं कुणी याआधी बोललं नव्हतं.

परिषदेचा विषय होता ‘बायबल आणि परिघावरचे आवाज : एक विभागीय परिप्रेक्ष्य’. मंचावर आठ खुर्च्या होत्या आणि आठही खुर्च्यांवर मध्यभागातले पुरुष बसले होते. सत्काराला नारळ द्यावा की नको यावर आयोजकांत म्हणे आठवडाभर वाद झाला. नारळाला शास्त्राधार सापडेना. शेवटी प्रत्येकाला कुंडीतलं एक रोप द्यायचं ठरलं. रोपं दिली, फोटो झाले, आणि त्या कुंड्या पाहुण्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या. पुढचे दोन तास आम्ही जास्वंदीची भाषणं ऐकली. एका पानामागून मधूनमधून चष्म्याची काडी चमकायची, त्यावरून कोण बोलतंय ते ओळखायचं.

मुख्य पाहुणे जर्मनीत राहून आलेले होते. ते एखादा जर्मन शब्द उच्चारायचे आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचे, म्हणजे तो आम्हाला नीट भिनावा. मराठीत त्याला शब्द नाही, असं सांगून ते पुढच्या शब्दाकडे वळायचे. शेजारी बसलेल्या माझ्या हिब्रूच्या बाईंनी कंटाळून पर्स उघडली आणि बडीशेप काढली. "याच्या हिब्रूचा पेपर मी तपासला होता," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तेव्हा पण डोळे मिटूनच लिहिला होता त्यानं."

मग निबंधवाचन सुरू झालं. मी आयुष्यात पहिल्यांदाच अशा ठिकाणी आले होते, त्यामुळे सगळं भक्तिभावानं ऐकत होते. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की इथे ‘मला वाटतं’ असं कुणीच म्हणत नाही. ‘असं म्हणण्यास वाव आहे का, असा प्रश्न उपस्थित करता येऊ शकेल’ असं म्हणतात, आणि प्रश्न उपस्थित करून खाली बसतात. प्रश्नोत्तरांत उठणारा प्रत्येक जण आधी सांगायचा, "माझा प्रश्न नाही, छोटीशी भर आहे." ती भर निबंधाहून मोठी असायची आणि बहुधा आमेनवर संपायची. जेवण मात्र झकास होतं. वांग्याची भाजी, वरण, भात, वर ठेचा. त्यावर कुणाचंच परिप्रेक्ष्य नव्हतं.

माझा निबंध दुसऱ्या दिवशी जेवणानंतर होता. विषय एका ओळीचा, खरं तर एका अक्षराचा. जुन्या करारातल्या प्रेमगीतांमध्ये एक मुलगी स्वतःच्या रंगाविषयी बोलते. उन्हात द्राक्षमळे राखून राखून ती काळी झालेली आहे. आपण काळ्या आहोत असं ती सांगते, आणि त्याच दमात आपण देखण्या आहोत असंही सांगते. या दोन शब्दांच्या मध्ये हिब्रूत एकच अक्षर आहे, पुढच्या शब्दाला चिकटलेलं. त्याचा साधा अर्थ ‘आणि’. संदर्भ मागत असेल तर ‘पण’. आजवर ज्यांनी ज्यांनी भाषांतरं केली, त्यातल्या पुष्कळांना इथे संदर्भ ‘पण’ मागतोय असं वाटलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की मागतंय कोण? ती मुलगी तर मागत नाहीये. निबंधाला मी शीर्षक दिलं होतं, ‘काळी आणि सुंदर’.

मी स्वतः काळी आहे. सावळी वगैरे लोक तोंडावर म्हणतात. धानाच्या बांधीत वाकून रोवणी केलेली माणसं ज्या रंगाची होतात, त्या रंगाची. हे निबंधात लिहिलेलं नव्हतं. लिहायचं असतं असं मला वाटलंही नव्हतं.

त्या दिवशी आई गावाहून आली होती. मावशीच्या मुलीचं लग्न होतं, त्यासाठी इतवारीत भांडी घ्यायची होती. तोवर पोरगी काय बोलते ते ऐकावं, म्हणून ती ठेवणीतलं पातळ नेसून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाईंच्या शेजारी बसली. दोघींची ओळख बघता बघता झाली. मी मंचाकडे निघाले तेव्हा बाई तिला कुठल्या दुकानात पितळ चांगलं मिळतं ते सांगत होत्या.

सत्राचे अध्यक्ष म्हणजे परिषद भरवणाऱ्या संस्थेचे प्राचार्य. भला माणूस, सगळ्यांशी हसून बोलणारा. ते माईकजवळ आले आणि प्रेमानं माझ्याकडे बघत म्हणाले, "आता येत आहेत आपल्या ग्रामीण भागातल्या एक कन्या. राहणी साधी, रंगानं सावळ्या, पण बुद्धी काय तल्लख! टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. आईनं पिशवी बाजूला ठेवून सगळ्यात जास्त वाजवल्या.

मी वाचायला लागले. दुसरा परिच्छेद संपायच्या आत मुख्य पाहुण्यांचा हात वर गेला. "क्षमा करा," ते म्हणाले, "इथे व्याकरणाच्या दृष्टीनं ‘पण’ अपरिहार्य आहे. यासाठी जर्मनमध्ये एक शब्द आहे." त्यांनी शब्द सांगितला आणि डोळे मिटले. तेवढ्यात समोरच्या रांगेतले दाढीवाले पाळक उठले. त्यांच्या मते तिथे ‘आणि’ च होता, आणि हे त्यांनी फार पूर्वी एका शिबिरात मांडलं होतं. पाहुण्यांनी डोळे उघडले. त्या शिबिरात आपणही होतो आणि पाळकांनी असं काहीही मांडलं नव्हतं, असं ते म्हणाले. पाळक म्हणाले, तुम्ही त्या दिवशी उशिरा आलात. पाहुणे म्हणाले, बस उशिरा आली होती. मग ते शिबिर कुणी भरवलं होतं, मार्गदर्शक कोण होते, त्या मार्गदर्शकांचा खरा लाडका शिष्य कोण, इथपर्यंत गोष्ट गेली. मी माईकसमोर कागद धरून उभी होते. द्राक्षमळ्यातली ती मुलगी केव्हाच घरी गेली असावी.

"अतिशय समृद्ध चर्चा," प्राचार्य समाधानानं म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. "वेळेअभावी आपल्याला थांबावं लागतंय. ताई, तुम्ही दोन मिनिटांत आवरा."

हिवाळ्याच्या सुट्ट्या मी त्या निबंधावर घालवल्या होत्या. डोळ्यांत पाणी येतंय की काय असं वाटलं आणि त्या भीतीनंच बहुधा मी कागद खाली ठेवले.

"सर," मी प्राचार्यांकडे वळून म्हटलं, "आत्ता तुम्ही माझी ओळख करून दिली. म्हणालात, रंगानं सावळ्या, पण बुद्धी तल्लख. माझ्या रंगाचं आणि बुद्धीचं काही भांडण आहे का?"

प्राचार्य हसले. "नाही, नाही. मी कौतुकानं म्हटलं."

"कौतुकानंच म्हटलंत. मग तो ‘पण’ कुठून आला? व्याकरणानं तर मागितला नव्हता. तो तुमच्या तोंडात आधीपासून बसलेला होता. ज्यांनी ही ओळ भाषांतरित केली, त्यांच्याही तोंडात तो आधीपासूनच होता. त्या मुलीच्या तोंडात मात्र नव्हता. माझा निबंध एवढाच आहे."

मग मागच्या रांगांमधल्या सेमिनरीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यातल्या एकीनं शिट्टी मारली. प्राचार्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं, त्यांना ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. मुख्य पाहुणे मात्र रागावले. "अभ्यासात व्यक्तिगत गोष्टी आणायच्या नसतात," ते म्हणाले. "त्या संहितेतली स्त्री म्हणजे तुम्ही नव्हे."

तेव्हा बाई जागेवरूनच बोलल्या. "ती बाई तुम्हीपण नाही, सर. तरी मघापासून तिच्या वतीनं तुम्हीच बोलून राहिले."

सभागृहात हशा पिकला. प्राचार्यांनी घाईघाईनं चहा जाहीर केला.

खाली उतरताना मी हवेत होते. मुली भोवती जमल्या, कुणी हात हातात घेतला, कुणी फोटो काढला. तेवढ्यात मला आई दिसली. ती गर्दीतून वाट काढत थेट प्राचार्यांकडे निघाली होती. मी पोचेपर्यंत तिनं त्यांच्यापुढे हात जोडलेसुद्धा.

"साहेब, राग नका धरू जी. पोट्टी तोंडानं फटकळ आहे, पण मनानं लय चांगली आहे."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. "ऐकलंत?" ते मला म्हणाले. "आईसुद्धा ‘पण’ च म्हणतात!" आणि त्यांनी मुख्य पाहुण्यांना हाक मारून हा पुरावा त्यांनाही ऐकवला. दोन दिवसांत त्या परिषदेत कुठल्याही मुद्द्याचं इतकं मनापासून स्वागत झालं नव्हतं. बाई एवढ्या हसल्या, की त्यांचा चहा बशीत सांडला. मला हसू आलं नाही. आईचा दंड धरून मी तिला बाहेर आणलं आणि ऑटोत बसवलं.

ऑटोनं आम्हाला इतवारीत सोडलं. दुकानात आईनं पातेली खाली उतरवून घेतली, बोटानं वाजवून बघितली, दुकानदाराशी घासाघीस केली, दोन नापसंत केली. मी स्टुलावर बसून होते. दुकानदार वरच्या माळ्यावरून पाण्याचा गुंड काढायला शिडी चढला, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्या साहेबाले बोलली, का मले बोलली?"

"तुला कशाला बोलेन?"

"मले लागलं ना."

खरं म्हणजे उभी होते तेव्हा आई समोर बसली आहे हे मी विसरलेच होते. मला बघायला जेवढी स्थळं आली, त्या प्रत्येकासमोर पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता आईच म्हणायची, रंगानं सावळी आहे, पण शिकलेली आहे. मी ते दारामागून ऐकायचे.

"मग काहून म्हणत होतीस तसं?" मी विचारलं.

"समोरच्यानं म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकलं का त्याईचं तोंड बंद होते." तिनं एक झाकण उचललं, पातेल्यावर बसवून बघितलं. "माही सासू माह्याबद्दल सगळ्याईले सांगे, काळी आहे, पण कामाची आहे. मले वाटे, कौतुक करून राहिली. मी अजून जोरानं काम करो."

शिडीवरून दुकानदारानं विचारलं, गुंड मोठा देऊ का मध्यम? आई मध्यम म्हणाली. मग बराच वेळ विचार करून तिनं मला विचारलं, "तुह्या त्या पुस्तकातली पोट्टी. तिचं मंग लग्न झालं का नाही?"

"तसं स्पष्ट लिहिलेलं नाही."

"नाही? मंग एवढी मोठी माणसं कायले भांडून राहिली होती?"

आम्ही दोघी हसायला लागलो. दुकानदाराला वाटलं, त्याच्या गुंडाला हसतोय, आणि तो उगाच भाव कमी करून बसला.

त्या उन्हाळ्यात कामठीकडून एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, मुलाची आई पुढाकारानं बोलणारी. आईनं पोहे ठेवले आणि म्हणाली, "सावळी आहे. शिकलेली आहे." मुलाच्या आईनं चमचा हातात धरून पुढच्या शब्दाची वाट बघितली. पुढे शब्द नव्हता. आई शांतपणे पदर सावरून बसली. शेवटी त्या बाईंनी स्वतःच विचारलं, काय शिकली? हिब्रू, मी म्हटलं. उर्दूसारखं असते का ते? मी म्हटलं, लिहितात उजवीकडून डावीकडे. त्यावर मुलाचे वडील घड्याळ बघून उठले. ते गेल्यावर आईनं उरलेले पोहे माझ्या ताटलीत वाढले आणि वाईट वाटल्याचं निदान मला तरी दिसलं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा परिषदेच्या निबंधांचं पुस्तक छापून आलं. बाईंकडे प्रत आली, ती त्यांनी मला उघडून दाखवली. माझा निबंध होता. त्याला शीर्षक होतं, ‘काळी पण सुंदर’.

मी प्राचार्यांना फोन लावला. ते अतिशय आपुलकीनं बोलले. "अहो, तो आम्ही सुधारला," ते म्हणाले. "संपादक समितीला ‘आणि’ खटकत होता. घाईत राहून गेलेली चूक असेल असं आम्हाला वाटलं."

"सर, संपूर्ण निबंध त्या एका शब्दावर आहे."

"हो का?" ते म्हणाले. "निबंधाला मात्र आम्ही हात लावलेला नाही हं," त्यांनी वर जोडलं.

हे खरं होतं. आतला मजकूर शब्दशः जसाच्या तसा होता. आपल्याच शीर्षकाशी पानोपानी भांडणारा असा निबंध त्या पुस्तकात दुसरा नव्हता. समितीनं तो वाचला असता, तर त्यांना ते कळलं असतं.

बाईंनी रडू दिलं नाही. "चिठ्ठ्या छापून आण," त्या म्हणाल्या. मी सीताबर्डीला जाऊन ‘काळी आणि सुंदर’ अशा चिठ्ठ्या छापून, कापून आणल्या, आणि एका दुपारी आम्ही दोघी गोंदाची बाटली घेऊन त्या संस्थेत गेलो. उरलेल्या प्रती जिन्याखालच्या खोलीत होत्या. शेजारी उद्घाटनाच्या त्या कुंड्या वाळून पडल्या होत्या. आम्ही सतरंजी अंथरून बसलो. बाई पान उघडून धरायच्या, मी चिठ्ठी चिकटवायचे. थोड्या वेळानं बाईंचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्या पाय पसरून बसल्या आणि आम्ही कामं बदलून घेतली.

निम्म्या प्रती झाल्या असतील, तेव्हा दारात प्राचार्य आले. "काय चाललंय?"

"मुद्रणदोष सुधारून राहिलो, सर," बाई वर न बघता म्हणाल्या.

त्यांनी एक प्रत उचलली, उघडली, चिठ्ठीवरून अंगठा फिरवून बघितला. मला वाटलं, आता चिडतील. "सरळ चिकटलीय," ते म्हणाले. "आमच्या कार्यालयात एवढं नीट कुणी करत नाही." मग त्यांनी कुणाला तरी हाक मारून आमच्यासाठी चहा सांगितला आणि मला विचारलं, की पुढच्या परिषदेचं सूत्रसंचालन मी करेन का.

मी म्हटलं, सूत्रसंचालन नको, अध्यक्षपद द्या.

ते मनापासून हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गोंदाची बाटली खाली ठेवली आणि प्राचार्यांकडे बघत राहिल्या, ते हसायचे थांबेपर्यंत.